लाकडी माडीतली बाहुली

१

कावेरीच्या घरी फोनची एक ठरलेली वेळ होती. जेवणं उरकायची, हयवदन पेपर तोंडावर घेऊन आरामखुर्चीत आडवे व्हायचे, कावेरी ओटा पुसून पदराला हात कोरडे करायची, आणि फोन वाजायचा. तिकडे एडिनबऱ्यात तेव्हा सकाळ असायची. स्मृती चहाचा कप घेऊन खिडकीत बसायची आणि आईशी बोलायची. काय खाल्लंस, थंडी किती आहे, अप्पांचा, म्हणजे हयवदनांचा, गुडघा कसा आहे. लेक परदेशी गेलेल्या कुठल्याही घरात चालतं तेच बोलणं, पण कावेरीचा उरलेला दिवस त्याच्यावर निघायचा.

अलीकडे त्यात एक खोट निघाली होती. फोन वाजण्याआधी छतातून हसण्याचा आवाज यायचा. वरच्या मजल्यावर मनस्विनी राहायची, कावेरीची धाकटी जाऊ. बेंगळुरूच्या जयनगरातलं सासऱ्यांचं बैठं घर पाडून दोघा भावांनी एकावर एक दोन मजले बांधले, तेव्हा थोरली खाली आणि धाकटी वर हे आपसूक ठरलं. आता रोज दुपारी आधी वर हसणं व्हायचं, बराच वेळ व्हायचं, आणि ते थांबलं की मग खाली फोन वाजायचा. म्हणजे पोरगी आधी काकूला फोन करत होती, आणि आईच्या वाट्याला निवलेला चहा येत होता.

"ऐकलंत का वर काय चाललंय?" ती हयवदनांना म्हणायची.

"एवढ्या लांबून पोरगी रोज फोन करते. अजून काय हवंय तुला?" पेपराखालून उत्तर यायचं.

काय हवंय ते कावेरीला चांगलं ठाऊक होतं, पण नवऱ्याला सांगण्यासारखं नव्हतं. तिला पहिला फोन हवा होता.

दसरा जवळ आला तशी तिनं माहेरची पत्र्याची पेटी कोपऱ्यातून ओढून खोलीच्या मध्यावर आणली. नवरात्रात बेंगळुरूच्या घराघरांत पायऱ्यांवर बाहुल्या मांडतात. इथं पिढ्यान्‌पिढ्या मुरलेल्या मराठी घरांनीही ती रीत उचलली आणि इथल्याच शब्दानं तिला गोंबे म्हणायला लागली. कावेरीची गोंबे तिच्या आईची. जुन्या सुती साडीच्या तुकड्यांत एकेक गुंडाळलेलं, मधे मधे डांबरगोळ्या. सगळ्यात वर लग्नात मिळालेली रक्तचंदनाची राजा-राणी.

पेटी रिकामी झाली की स्मृतीची आठवण यायचीच. लहानपणी लपाछपीत पोर या पेटीत जाऊन बसायची. राज्य नेहमी मनस्विनीवर, कारण ती तेव्हा नवी नवरी आणि खेळायला तयार. कावेरी झाकणावर बसून कपड्यांच्या घड्या घालायची. मनस्विनी दारात येऊन विचारायची, "अक्का, स्मृती इथं आहे का?" कावेरी मान वर न करता सांगायची, "नाही गं. माझ्याकडे नाही." खालून पोरीचं दाबलेलं हसू तिच्या मांड्यांना गुदगुल्या करायचं. तेवढा वेळ ती तिची एकटीची असायची.

मनस्विनीला मूल झालं नाही. तेव्हा कावेरीनंच मोठ्या मनानं म्हटलं होतं, "जा गं, काकूकडे बस जरा." पोर जी गेली ती गेलीच.

२

मनस्विनीचा धंदाच बाहुलीघरांचा म्हणायला हवा. एचएसआर लेआउट आणि महादेवपुऱ्यातल्या बिल्डरांना ती न बांधलेल्या इमारतींच्या छोट्या प्रतिकृती करून द्यायची. झाडं, गाड्या, गॅलरीत वाळत घातलेले कपडेसुद्धा. स्मृती हे बघत बघत मोठी झाली, आणि जुनी घरं दुरुस्त करायचं शिक्षण घेऊन थेट स्कॉटलंडला पोचली. हयवदन अभिमानानं सांगायचे की पोरीनं काकूचा गुण उचलला. कावेरी तेव्हा स्वयंपाकघरात निघून जायची.

पहिल्या माळेच्या संध्याकाळी हळदीकुंकवाला बायका आल्या. कावेरीच्या पायऱ्यांपुढे त्या टेकल्या, कुंकू घेतलं, कोसंबरीची, म्हणजे मूगडाळीच्या कोशिंबिरीची, वाटी घेतली, राजा-राणीला हात जोडले, आणि एकमेकींकडे बघून म्हणाल्या, "वर जायचं ना?" पाहता पाहता खोली रिकामी झाली. चपला तेवढ्या कावेरीच्या दारात राहिल्या.

शेवटी तीही वर गेली. न जावं तर दिसलं असतं.

मनस्विनीनं दिवाणखान्यातल्या पायऱ्यांसमोर जेवणाचं टेबल ओढलं होतं आणि त्यावर एक आख्खा रस्ता उभा केला होता. एडिनबऱ्यातला जुना बाजाराचा रस्ता. दोन्ही बाजूंना उंच, अरुंद घरं. मागच्या भिंती दगडी, पण दर्शनी बाजू सगळी लाकडाची, तेलानं काळपट झालेली. प्रत्येक मजला खालच्यापेक्षा थोडा पुढे आलेला, त्यामुळे समोरासमोरच्या माड्या वरती एकमेकींना टेकायला आल्यासारख्या दिसत होत्या. खाली दुकानं. दुकानाची फळी खाली पाडली की तिचाच ओटा व्हायचा. गिऱ्हाइकं आणि दुकानदार मात्र आपले चन्नपट्टणचे लाकडी बाहुले, गोल डोक्याचे, लाखेच्या रंगाचे. लोण्याच्या दुकानापुढे लाल पोटाचा एक टकलू उभा होता.

"चन्नागिदे गं, छान झालंय!" सावित्रीबाई चष्मा सारखा करत म्हणाल्या. समोरच्या घरातल्या या म्हाताऱ्या बाई आळीतल्या सगळ्यांच्या रीतिभाती सांभाळायच्या. "कुठलं गाव हे?"

"आपल्या स्मृतीचं. मापं, फोटो सगळं तिनंच पाठवलं. ही बघा, ही तिची खोली." मनस्विनीनं वरच्या माडीतल्या एका खिडकीकडे बोट दाखवलं. "आत दिवापण आहे."

बायका आळीपाळीनं वाकल्या. कावेरी शेवटी वाकली. बोटाएवढ्या खिडकीतून पिवळा उजेड येत होता. आत पलंग, टेबल, किटली, आणि खुर्चीत पेराएवढी एक बाहुली. तिच्या खांद्यावर पिवळी शाल होती आणि शालीला हिरवा काठ होता.

कावेरीनं तो काठ ओळखला. स्मृतीच्या बारशाला नेसलेली हळदी रंगाची रेशमी साडी तिनं स्वतःच्या हातानं फाडली होती. तिला आतून लोकरी अस्तर लावून शाल शिवली होती. दुपारी दार लावून शिवली, वर सुगावा लागू नये म्हणून. हयवदनांनाही सांगितलं नव्हतं. पोस्टात एकटी जाऊन पार्सल टाकून आली होती.

"ही शाल कुठून आली?" तिनं विचारलं.

"कुठली शाल, अक्का? मी तिला निळा कोट घातलाय." मनस्विनी वाकून बघायला आली, पण तेवढ्यात दारात नव्या बायका आल्या. "बन्नी, या या!" करत ती तिकडे वळली.

जिना उतरताना कावेरीच्या अंगाची लाही होत होती. पार्सल पोचलं. पोरीनं ते उघडलं, अंगावर घेतलं, काकूला फोटो पाठवला. आणि आईला पोचल्याचं एका शब्दानं कळवलं नाही.

३

"पार्सल?" दुसऱ्या दिवशी फोनवर स्मृती म्हणाली. "कसलं पार्सल, आई? काहीच आलं नाही."

"खरं सांग."

"शपथ. काय पाठवलंयस?"

पोरगी काकूला सांभाळून घेतेय, कावेरीच्या मनात आलं. दोघींचं संगनमत आहे. खोटं बोलायलासुद्धा शिकली माझ्याशी. तिला दुसरं काही सुचलंच नाही. मत्सराचं हेच बरं असतं, त्याच्याकडे प्रत्येक गोष्टीचं उत्तर तयार असतं.

"आई, एक गंमत सांगू? काल दुपारी खोलीत बसले होते आणि हिंगाच्या फोडणीचा वास आला. अगदी आपल्या कोसंबरीचा. आणि खाली गर्दी असल्यासारखं घर हादरत होतं. खिडकीतून बघितलं तर रस्त्यावर चिटपाखरू नाही. फक्त तो."

"तो कोण?"

"थांब, दाखवते."

फोनमधलं चित्र हललं. खिडकीची चौकट, समोरची काळपट लाकडी माडी, हात लांब केला तर पोचेल इतकी जवळ. मग खालचा रस्ता. एका दुकानाच्या पाडलेल्या फळीपुढे एक माणूस उभा होता. टकलू. लाल अंगरख्याचा. पोट चकचकीत.

"कालपासून तिथंच आहे," स्मृती हसत म्हणाली. "विकत काही नाही. हलतपण नाही."

"पुतळा असेल."

"असेल. पण आधी नव्हता."

स्मृतीनं फोन वर केला. दोन्ही बाजूंच्या छपरांच्या मधे आभाळाची चिंचोळी पट्टी दिसली. त्या पांढऱ्या आभाळात एक लांब, सरळ उजेड होता, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारख्या जाडीचा. मनस्विनीच्या दिवाणखान्यात टेबलाच्या बरोबर वर ट्यूबलाइट आहे, हे कावेरीला उगीचच आठवलं. मग चित्र गोठलं आणि फोन बंद पडला.

"नेटवर्क," हयवदन पेपराखालून म्हणाले.

कावेरीनं मान हलवली. थंड देशात ढग तसे दिसत असतील. आणि लोण्याच्या दुकानापुढचा पुतळा स्मृतीनंच फोटोत दाखवला असेल, म्हणून मनस्विनीनं तिथं टकलू ठेवला. सरळ हिशेब होता. तो तिनं मनाशी पुन्हा पुन्हा मांडला आणि दर वेळी शेवटी एकच गोष्ट उरली, की हे सगळं काकूला आईच्या आधी माहीत होतं.

४

मनस्विनी सामान आणायला बाहेर पडली की तिच्या घराची किल्ली खाली ठेवून जायची. एका सकाळी कावेरी देवाला फुलं द्यायची म्हणून किल्ली घेऊन वर गेली. फुलं खरोखरच हातात होती.

बायका नसताना तो दिवाणखाना मोठा वाटत होता. पंखा बंद. तेलाचा आणि ओल्या लाकडाचा वास. टेबलाजवळ जाताना तिनं पावलं हळू टाकली, कशासाठी ते तिलाही कळलं नाही. घर हादरू नये म्हणून असेल.

खिडकीत बाहुली बसली होती. खुर्चीत नाही, खिडकीत. शाल अंगाभोवती ओढलेली, आणि एक हात कानाशी.

मनस्विनी रोज काही ना काही हलवत असेल, कावेरीनं स्वतःला समजावलं. बायकांना दाखवायला नवं काहीतरी. तिनं डोळा खिडकीला लावला. चेहरा कोरायला जागाच नव्हती, तांदळाच्या दाण्यापेक्षा लहान तोंड. तरी मान कलती करून ऐकायची लकब ओळखीची होती. लेक कान देऊन कुणाचं तरी ऐकत होती. कुणाचं, ते विचारायची गरज नव्हती.

"एवढं काय बोलतेस गं तिच्याशी?" कावेरी पुटपुटली. तिचा श्वास आत गेला आणि शालीचा काठ हलला.

ती झटक्यानं मागे झाली. मग तिला स्वतःची लाज वाटली, आणि लाजेपाठोपाठ राग आला. खिडकीला बाहेरून दोन फळ्या होत्या, काडेपेटीतल्या काडीएवढ्या रुंद. तिनं करंगळीच्या नखानं आधी एक मिटली, मग दुसरी. बारीकसा आवाज झाला.

"आता बघू दे कुणाला दिसतेस ते," ती म्हणाली, आणि देवापुढे फुलं ठेवून खाली आली. बऱ्याच दिवसांत इतकं बरं वाटलं नव्हतं.

५

त्या दुपारी छतातून हसणं ऐकू आलं नाही. फोन आधी खाली वाजला. कावेरीनं पहिल्या घंटेला उचलला.

"आई." स्मृतीचा आवाज पातळ झाला होता. "हसू नकोस हं. माझ्या खिडकीच्या फळ्या मिटल्यात. बाहेरून."

"वाऱ्यानं."

"वारा नव्हता. झोप येईना म्हणून मी पहाटेच खिडकीत बसले होते. बाहेर काहीतरी खरवडल्यासारखं झालं, खूप मोठं, आणि एकेक करून फळ्या आपोआप मिटल्या. इतक्या उंचावर बाहेरून कोण येणार? घरमालक म्हणतात त्या फळ्या त्यांच्या आजोबांच्या काळापासून रंगात चिकटून बसल्यात, हलूच शकत नाहीत. आणि आता उघडत नाहीत. खोलीत काळोख आहे."

कावेरीनं आपली करंगळी बघितली. नखाच्या कडेला काळपट तेलाचा ठिपका होता. ती तो पदराला पुसू लागली.

"घाबरू नकोस. मी आहे ना," ती म्हणाली, आणि किती दिवसांनी हे म्हणायला मिळालं म्हणून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. हातातलं सोडून वर जावं आणि त्या फळ्या उघडाव्यात, असं तिला खरोखर वाटलं. ती उठलीसुद्धा.

"हो. तसं थोड्या दिवसांचंच आहे. काकू आली की बघेल. तिला लाकडातलं कळतं."

कावेरी उभी राहिली. "काकू कुठं येणार आहे?"

पलीकडे स्मृती चाचरली.

"तिनं सांगितलं नाही? दसरा झाला की ती इकडे येतेय. नाताळपर्यंत. आमच्या ऑफिसला या घरांच्या प्रतिकृती करून हव्यात, मी तिचं नाव सुचवलं. माझ्याच खोलीत राहील. आई, ती तुला सांगणारच होती. तुला वाईट वाटेल म्हणून..."

"मला कशाला वाईट वाटेल?" कावेरी म्हणाली.

तिनं फोन ठेवला आणि ती पुन्हा खुर्चीत बसली. वर जाणं राहून गेलं. दोन वर्षांत एकदाही पोरीनं म्हटलं नव्हतं, आई, तू ये. कावेरीला पुढचं सगळं दिसायला लागलं. दोघी एकाच खिडकीत बसलेल्या, एकाच किटलीतला चहा, आणि मग दुपारी खाली एक फोन, दोघींचा मिळून. वर तर हसायलाही कुणी उरणार नव्हतं. ती पदराचं टोक चावत संध्याकाळपर्यंत तशीच बसून राहिली. फळ्या उद्या उघडू, तिनं ठरवलं. दुसऱ्या दिवशीही तिनं तेच ठरवलं.

६

विजयादशमीच्या संध्याकाळी गोंबे झोपवतात. सगळी आडवी करत नाहीत. एकच निजवायची, म्हणजे सगळी निजली असं धरायचं. दुसऱ्या दिवशी गुंडाळून पेटीत ठेवायची, ती पुढच्या दसऱ्यापर्यंत.

मनस्विनीकडे आरती झाली. बायका दाटीवाटीनं उभ्या होत्या. मनस्विनीनं कावेरीचा हात धरला. तिचा हात गार होता आणि डोळ्यांखाली काळं आलं होतं.

"अक्का, थोरल्या तुम्ही. तुम्हीच झोपवा." मग हळूच म्हणाली, "तुम्हाला सांगायचं होतं. स्मृतीनं सांगितलं म्हणे आधीच. रागावलात ना?"

"छे गं."

"या फळ्या मिटल्यात ना, त्या मला उघडता येईनात. चिमट्यानं बघितलं, सुरीनं बघितलं. मीच केलेल्या आहेत, अक्का." ती हसायला गेली, पण तिला हसू आलं नाही.

कावेरीनं करंगळीचं नख लावलं. दोन्ही फळ्या सहज उघडल्या.

बाहुली खिडकीला चिकटून उभी होती. दोन्ही हात वर, पंजे उघडे, फळ्या ढकलत असल्यासारखे.

"मी हिचे हात असे केले नव्हते," मनस्विनी कुजबुजली.

कावेरीनं चिमटीत धरून बाहुली बाहेर काढली. ती गरम होती. दिव्याजवळ असल्यामुळे असेल.

"राणीला निजव गं," सावित्रीबाई मागून म्हणाल्या. "घरातल्या माणसाच्या रूपाचं कशाला?"

"आईनंच निजवायचं ना लेकीला?" कावेरी म्हणाली, आणि बायका कौतुकानं हसल्या. तिनं खिडकीतून दोन बोटं आत घालून बाहुलीला त्या इवल्या पलंगावर आडवं केलं, शाल नीट ओढली. उभारलेले हात तिच्या बोटाखाली खाली आले. लाकूड असं वळत नाही, हे तिला कळत होतं.

"सरी, ठीक," सावित्रीबाई म्हणाल्या. "उद्या ज्या घरचं त्याच घरच्या पेटीत भरा गं. सरमिसळ नको."

कोसंबरीच्या वाट्या फिरल्या, बायका बोलायला लागल्या, मनस्विनी तांबूल द्यायला आत गेली. कावेरीनं पुन्हा खिडकीतून बोटं आत घातली. ज्या घरचं त्या घरच्या पेटीत. मग पोर कुणाच्या घरची? तिनं बाहुली पदराच्या टोकाला बांधली, गाठ कमरेला खोचली, आणि सगळ्यांच्या आधी जिना उतरली.

खाली आली तर फोनवर स्मृतीचा निरोप होता. "आई, शाल आत्ता मिळाली! केवढी उबदार आहे. काकूला अजून सांगितलं नाही, आधी तुला. भर दुपारी भयंकर झोप येतेय. शाल घेऊन पडते."

आधी तुला. कावेरीनं ते शब्द कितीदा तरी वाचले.

७

सकाळी हयवदन बाजारात गेल्यावर तिनं पेटी भरली. राजा-राणी, वाणी, वाणीण, हत्ती. शेवटी तिनं स्मृतीचं जुनं दुपटं काढलं, त्यात ती पिवळ्या शालीची बाहुली गुंडाळली आणि मधोमध ठेवली. डांबरगोळ्या टाकल्या. झाकण लावलं.

दुपारी ओटा पुसून ती हात कोरडे करत उभी राहिली. छतातून हसणं आलं नाही. फोन आला नाही. वर मनस्विनी या खोलीतून त्या खोलीत चालत होती. मधेच थांबायची, पुन्हा चालायची. ज्याला फोन लागत नाही त्याचं चालणं होतं ते. कावेरीला आधी बरं वाटलं. मग तिला खोलीत काहीतरी वेगळं जाणवलं. डांबरगोळ्यांच्या वासात दुसरा एक वास होता, झोपेतून उठलेल्या माणसाच्या केसांचा.

तिनं पेटीचं झाकण बोटभर उचललं.

आत सुती तुकडे बाजूला सरकले होते. हत्ती कलंडला होता. फटीतून हिरवा काठ दिसला. बाहुलीच्या शालीचा नव्हे. वीतभर रुंद काठ, रेशमाचा, आणि त्याच्या कोपऱ्यात चुकलेला, सुरकुती पडलेला टाका, जो तिनं दुपारी घाईत मारला होता आणि उसवला नव्हता. काठ वर आला आणि खाली गेला. कुणीतरी गाढ झोपेत श्वास घेत होतं.

कावेरीनं झाकण सोडलं आणि ती त्यावर बसली.

"अक्का!" मनस्विनी जिना उतरत होती. ती दारात आली. केस विस्कटलेले, कानाला फोन. "स्मृती फोन उचलत नाही हो. घरमालकांना लावला. ते म्हणतात खोली आतून बंद होती, आवाज देऊनही उत्तर आलं नाही, आणि त्यांनी दार तोडलं तर आत कुणीच नाही. पार्सलचा कागद पडलाय फक्त." तिला धाप लागली होती. "आणि ती बाहुलीपण नाही वर. अक्का, मला वेडी म्हणा, पण ती सापडली पाहिजे. मी तिला परत खिडकीत बसवते. बसवली की सगळं ठीक होईल, मला वाटतंय तसं. तुमच्याकडे आहे का ती?"

कावेरीनं तिच्याकडे बघितलं. केवढी घाबरली होती बिचारी. द्यावी, एका क्षणी तिला वाटलं. द्यावी, ती पुन्हा त्या लाकडी माडीत बसवेल, पोर जागी होईल, खिडकीत चहा घेईल. आणि फोन करेल. आधी वर.

"थांबा, रिंग जातेय," मनस्विनी म्हणाली. "परत जातेय रिंग."

कावेरीच्या मांड्यांखाली पेटीचा पत्रा थरथरायला लागला. गुदगुल्या होतात तसं. आत काहीतरी बारीक आवाजात घुमत होतं, थांबत होतं, पुन्हा घुमत होतं. तिनं पलंगावरचा वाळलेल्या कपड्यांचा ढीग पुढ्यात ओढला आणि एक टॉवेल उचलून घडी घालायला घेतली.

"अक्का? आहे का तुमच्याकडे?"

"नाही गं," कावेरी मान वर न करता म्हणाली. "माझ्याकडे नाही."

मनस्विनी दारातून मागे वळली. मग तिची पावलं जिना चढून गेली. थरथर थांबली. खालून, पत्र्याच्या आतून, झोपेनं जड झालेला आवाज आला. "आई? गेली का काकू?"

"गेली," कावेरी म्हणाली. तिनं टॉवेलची घडी बाजूला ठेवली आणि झाकणावर हळूहळू थोपटायला लागली. "नीज तू. पुढच्या दसऱ्याला काढते हं."